हाडावर धरलेला हात

तेजल मॅडम खाटेजवळ आली की विनोद आपसूक छाती पुढे काढायचा. अडतीस वर्षांचा गडी, वीस वर्षं चिरेखाणीवर भराईच्या कामाला. दंड बघाल तर आंब्याच्या जुन्या खांदीएवढे. आणि ही तेजल मॅडम, दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट, म्हणजे चोवीस-पंचवीसची काडीसारखी पोर. अंगातला पांढरा कोट तिच्यापेक्षा जड वाटावा अशी. ती त्याचा हात उचलून म्हणायची, "सरळ ठेवा. मी वाकवणार, तुम्ही वाकवू द्यायचा नाही. सगळी ताकद लावा."

"सगळी नको मॅडम," विनोद म्हणायचा. "खिडकीतून उडाल त्या थेट मांडवीच्या वाळूत पडाल."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसायचा. मॅडमही हसायची. मग ओठ दाबून, टाचा उचलून ती दोन्ही हातांनी जोर लावायची, आणि विनोदचा हात जागचा हलायचा नाही. ती कागदावर आकडा लिहायची. पाच.

विनोदचा बापूस काशीराम पाष्टे पायथ्याशी स्टुलावर बसून हे बघायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "मॅडम, हे मोजायला यंत्र नाय काय तुमच्याकडे?"

"हेच यंत्र," तिने आपले दोन पंजे दाखवले होते. "पाचापर्यंत आकडे असतात काका. स्नायू अजिबात हलला नाही तर शून्य. हात हलत नाही, पण वर बोट ठेवलं तर आत थरथर लागते, तो एक. गादीवरून सरकवता येतो पण उचलता येत नाही, तो दोन. नुसता उचलता आला, पण मी जरा दाबला की खाली, तो तीन. माझ्याशी थोडा झगडला आणि हरला, तर चार. आणि मीच हरले तर पाच."

"म्हणजे तुम्ही हरलात तर आमचं भलं."

"हो ना. रोज हरायलाच येते मी."

तिचं बोलणं काशीरामला आवडलं होतं. आयुष्यभर त्यानेही चिरेच उचलले होते. ताकद हाताने कळते, कागदाने नाही, हे त्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. पंधरा दिवसांमागे विनोदला जुलाब झाले. तीन दिवसांत बरा होऊन तो परत खाणीवर गेला. मग तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही, असं व्हायला लागलं. सोमवारी खाणीच्या चढावर रिकाम्या हाताने चालताना तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला उठता येईना. सोबतच्यांनी त्याला टेम्पोत घालून रत्नागिरीला, या लहानशा खाजगी दवाखान्यात आणलं. मोठ्या डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघे ठोकून बघितले. त्यांचं तोंड जरा उतरलं. त्यांनी काशीरामला आणि सून नम्रताला बाहेर बोलावलं, पण दार उघडंच होतं.

"नसांना सूज येण्याचा आजार वाटतोय," ते म्हणाले. "पायांपासून वर चढतो. कुणाचा मध्येच थांबतो, कुणाचा छातीपर्यंत जातो. छातीपर्यंत गेला तर श्वासाचं यंत्र लागतं आणि ते माझ्याकडे नाही. आत्ता पावलंच तेवढी ढिली आहेत, तीन. मांड्या, हात पाच आहेत. तेजल सकाळ-संध्याकाळ तपासेल. तिचा आकडा उतरला की त्याच घटकेला कोल्हापूर. नाही उतरला तर गुरुवारी घरी सोडतो."

हे सगळं विनोदने खाटेवरून ऐकलं.

बुधवारी सकाळी तेजल मॅडम आली तेव्हा काशीराम स्टूल खिडकीकडे सरकवून बसला होता. एरवी तो लेकाच्या पायांकडून बघायचा, आज बाजूने बघत होता. मॅडमने हात सरळ धरायला लावला. विनोदने खांदा खाटेच्या लोखंडी कठड्याला टेकवला आणि कोपर ताठ केलं. पार ताठ, मागे जरा उलटं जाईल इतकं.

काशीरामने ते कोपर ओळखलं.

जांभ्या दगडाचा चिरा असतो तीस-पस्तीस किलोचा. खाणीच्या तळापासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत माणसांची रांग लागते, आणि चिरा या हातातून त्या हातात जातो. दिवसाला पाचशे, सहाशे. नवखा माणूस कोपर वाकवून चिरा झेलतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचे हात भरून येतात. जुना माणूस चिरा हाडावर धरतो. कोपर ताठ, गुडघा ताठ. सांध्याला एकदा असं कुलूप घातलं की वजन हाडातून खाली जातं, मांसाला कामच उरत नाही. पार दमलेला माणूस असा उभा राहिला तर रांगेत मुकादम चार वेळा फेरी मारून गेला तरी त्याला कळत नाही. विनोद अठरा वर्षांचा असताना काशीरामनेच त्याला हे शिकवलं होतं. मागे उभा राहून, त्याच्या कोपराला बोट लावून. हाडावर धर, मांसावर नको.

मॅडम टाचा उचलून जोर करत होती. काशीराम लेकाच्या दंडाकडे बघत होता. जोर लावलेल्या दंडावर शीर उठते, गोळा घट्ट होतो. विनोदचा दंड पोळीच्या कणकेसारखा सैल पडला होता. मॅडम झगडत होती ती नुसत्या हाडाशी.

मग तिने पाय सरळ ठेवायला सांगून नडगी दाबली. गुडघ्यालाही तेच कुलूप. मग तिने आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. "दाबा."

विनोदने दाबली. ती "आई गं" म्हणाली.

"लागलं काय?" विनोद हसला. "अर्धीच लावली मॅडम."

थट्टेतलं खरं काशीरामला कळलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. अर्धीच उरली होती, आणि त्याची अर्धी या पोरीच्या पुऱ्या ताकदीहून जास्त होती.

पाच, पाच, पाच. मॅडम आकडे लिहून गेली. नम्रता चहा आणायला खाली उतरली. काशीराम उठून खाटेजवळ आला.

"कोपर वाकव."

"काय?"

"कोपर वाकव आणि माझा हात ढकल."

"बाबा, सकाळी सकाळी काय काढलंस तू?"

"वाकव बोललो ना."

विनोदने कोपर वाकवलं. काशीरामने तिथे नुसती दोन बोटं लावली. हात खाली आला तो विनोदच्या छातीवर येऊन पडला. दोघांनीही थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं, तिसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून." विनोदचा आवाज खाली आला. "मांड्या परवा रात्रीपासून."

"आणि तू त्या पोरीला फसवतोस?"

"मी काय केलं? ती सरळ धर बोलते, मी सरळ धरतो."

"विन्या!"

"बाबा, ऐक." त्याने बापाच्या सदऱ्याचं टोक पकडायला हात पुढे केला, तो मध्येच खाटेवर टेकला. "कोल्हापूरला नको. आपल्या वाडीतून कोल्हापूरला किती माणसं नेली? सांग. तू सांग."

काशीरामने मनात मोजली. तीन नेली होती. आग्र्यांचा प्रज्ञेश तर विनोदच्याच वयाचा, खाणीवर त्याच्या पुढचा गडी. नळी घातली, यंत्र लावलं, बाराव्या दिवशी गाडीतून आणला तेव्हा त्याचं तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही. तिन्ही माणसं आडवीच परत आली होती.

"एकदा नळी घातली की माणूस बोलत नाय, बाबा. प्रज्ञेशची आई त्याच्यासमोर दोन दिवस बोलत बसली होती. त्याने ऐकलं की नाय, ते तिला अजून ठाऊक नाय." विनोदला धाप लागली होती, तो थांबला आणि पुन्हा बोलला. "रविवारी शिमग्याची पालखी वाडीत येतेय. नाचवायची नाय झाली तर नाय झाली, पण मी आपल्या पडवीत बसून बघीन. आणि डॉक्टरच बोलला, कुणाचा मध्येच थांबतो. माझा थांबेल. संध्याकाळपर्यंत थांब तू. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

नम्रता चहाचे ग्लास घेऊन दारात आली. "काय चाललंय बापलेकाचं?"

"काय नाय," विनोद म्हणाला. "बाबा बोलतो मी वाळलो."

नम्रता हसली आणि काशीरामने चहा घेतला. घेतला आणि गप्प बसला. पुढे कितीदा तरी त्याला वाटलं, की तो चहाचा ग्लास खाली ठेवायला हवा होता.

दुपारी शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी गेला. आयाने खाटेवरची चादर काढली, गादी दुमडून ठेवली. खोलीत ही तिघंच उरली. बाहेर फाल्गुनाचं ऊन नुसतं पांढरं झालं होतं, वारा पडला होता. नम्रताने खालून आणलेली पेज ग्लासात ओतून नवऱ्याच्या तोंडाला लावली. दोन घोट गेले. तिसऱ्याला ठसका लागला आणि पेज नाकातून बाहेर आली.

"हळू की हो! लहान पोर हाय काय?" तिने पदराने त्याचं नाक पुसलं.

"घाईत गिळलं," विनोद म्हणाला. बोलणं नाकातून आलं, सर्दी झाल्यासारखं. काशीरामने ऐकलं. नम्रतानेही ऐकलं असावं, कारण ती उठून पंखा बारीक करून आली.

त्यानंतर विनोदने पेज मागितली नाही. पाणीही मागितलं नाही. चारच्या सुमारास गावाहून फोन आला, तर "मागाहून बोलतो सांग" म्हणाला. काशीराम त्याच्या छातीकडे बघत बसला. चादर वर जात होती, खाली येत होती. सकाळी ती जास्त वर जात होती का? त्याला आठवेना. श्वास कोण बघतो कधी? धडधाकट माणसाचा श्वास मोजायचं कुणाच्या मनात येतं?

संध्याकाळी मॅडम आली तेव्हा ती थट्टा करायच्या बेतात नव्हती. विनोदही गप्प होता. पावलं तीन. नडगी दाबली, पाच. हात, पुन्हा पाच. पण लिहिताना तिचा पेन थांबला. तिने विनोदच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, जणू चूक तिथे कुठेतरी असावी. तिने डोकं वळवून काशीरामला विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर जवळ असता. हातातून काही पडतं का? भांडं, ग्लास? उचलताना थरथरतो का हात?"

विनोद बापाकडे बघत होता. पापणी न हलवता.

"नाय," काशीराम म्हणाला. "तसं काय नाय."

"नक्की ना?"

"आमच्या खाणीचा गडी हाय तो, मॅडम."

तिने पाच लिहिला. रात्री नम्रताला सांगण्यात आलं, की सकाळी मोठे डॉक्टर एकदा बघतील आणि अकरा वाजेपर्यंत सोडतील. नम्रताने तिथल्या तिथे गावी फोन करून सांगितलं. सासऱ्याला म्हणाली, "बाबा, गाऱ्हाणं ऐकलं देवाने." काशीरामने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

गुरुवारी सकाळी नम्रताने पिशव्या भरल्या. नवऱ्याला घालायला तिने धुतलेला बनियन आणि निळा सदरा काढला. "उशीवरून डोकं उचला जरा," ती म्हणाली. "बनियन घालते."

विनोदने हनुवटी वर केली. डोकं उशीतून निघालं नाही.

"उचला ना हो."

"उचलतोय," विनोद म्हणाला.

नम्रताने हसून त्याच्या मानेखाली हात घातला आणि त्याला पुढे घेतलं. बनियन डोक्यातून घालताना तिचा हात सुटला, आणि विनोदचं डोकं मागे पडलं. नुसतं पडलं. पाळण्यातल्या पोराचं पडतं तसं. तिने घाबरून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिला धीर द्यायला विनोद हसला, पण हसू आलं ते फक्त डोळ्यांत. गाल जागचे हलले नाहीत, ओठ तसेच राहिले. कपाळावर एक आठी नव्हती. अडतीस वर्षांच्या, उन्हात रापलेल्या माणसाचं कपाळ लहान मुलासारखं गुळगुळीत झालं होतं.

काशीराम उठला.

"बाबा," विनोद म्हणाला.

काशीराम दारापर्यंत गेला होता. त्याने वळून बघितलं. विनोदने "नको" म्हटलं नाही, मानही हलवली नाही. मान हलतच नव्हती. तो बघत राहिला फक्त. काशीराम बाहेर पडला.

तेजल मॅडम तळमजल्यावरच्या खोलीत डब्यातले पोहे खात होती. त्याला बघून उठली. "काय काका, निघालात?"

"पोरी," काशीराम म्हणाला. मॅडम म्हणायचं तो विसरला. "तू हाडाशी झगडतेस गो."

"म्हणजे?"

त्याने आपला हात पुढे केला आणि कोपर ताठ केलं. "दाब."

तिने दाबला. सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा हात हलला नाही.

"आता मी कायच जोर लावलेला नाय. आम्ही चिरा असा धरतो. आता बघ." त्याने कोपर थोडं वाकवलं. "आता दाब. हात असा वाकवून दाबायचा. गुडघ्याखाली हात घालून तोही वाकवून दाबायचा. तो दोन दिवस तुला हाडावर फसवतोय. आणि मी काल खोटं बोललो."

तेजलच्या तोंडावरचा रंग गेला. चमचा डब्यात पडला. "हे शिकवलं होतं मला," ती पुटपुटली. "अगदी सुरुवातीला हेच शिकवतात. सांधा ताठ असताना दाबायचं नाही म्हणून." आणि ती धावली. जिना चढताना तिची एक चप्पल पायरीवर राहिली, ती मागून येणाऱ्या काशीरामने उचलून आणली.

वर तिने एकही शब्द न बोलता विनोदचं कोपर वाकवलं. "ढकला." हात खाली आला. तिने खांदा बघितला; हात गादीवरून सरकला, वर उचलला गेला नाही. दोन. तिने मांडीखाली हात घालून गुडघा वाकवला आणि म्हणाली, "आता पाय सरळ करा." टाच चादरीवर दोन बोटं घासली आणि थांबली. मग तिने त्याच्या कपाळावर एक बोट ठेवलं, एकच. "डोकं उचला."

तिचं बोट हललं नाही.

"विनोददादा, आता एक मोठा श्वास घ्या. तो सोडता सोडता मोठ्याने मोजा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"एक, दोन, तीन, चार," नाकातला आवाज बारीक होत गेला, "पाच, सहा... सात..." पुढे नुसती हवा.

"पुन्हा."

या वेळी तो सहावर थांबला.

"काय झालं मॅडम?" नम्रताने विचारलं. तिच्या हातात अजून निळा सदरा होता. "किती यायला हवेत?"

"तुम्ही मोजाल तर पंचवीस-तीस येतील," तेजल म्हणाली, आणि खिशातून फोन काढून बाहेर पळाली.

मोठे डॉक्टर दहा मिनिटांत आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, कुणावर ओरडलेही नाहीत. कोल्हापूरला फोन केला, रुग्णवाहिका मागवली, प्राणवायूची नळी लावली. सोबत एक डॉक्टर आणि एक सिस्टर जाणार होती. हाताने दाबायचा श्वासाचा फुगा सिस्टरने पिशवीतून काढून मांडीवर घेतला होता. तो बघून नम्रताला रडू फुटलं.

स्ट्रेचर खाली आणलं. दवाखान्याच्या अंगणात ऊन चढलं होतं. काशीराम बाजूने चालत होता. गाडीच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं, तेव्हा विनोदने डोळे त्याच्याकडे वळवले.

"बाबा... तू... सांगितलंस."

"होय."

"गळ्याची... शपथ होती."

"होय रे."

विनोदने दोन श्वास जमा केले. खाणीवर माणूस चढ चढायच्या आधी थांबतो तसा थांबला, आणि म्हणाला, "तू... माझ्याबरोबर... यायचं नाय."

गाडीत घरच्या माणसाला एकच जागा होती. ती नम्रताचीच होती. काशीराम तसाही जाऊ शकला नसता. पण ते वेगळं आणि हे वेगळं. दार लागलं. गाडी भोंगा वाजवत नाक्याकडे वळली, आणि आवाज किती तरी वेळ येत राहिला.

मग काशीराम पायऱ्यांवर बसला. सुनेचा पहिला फोन हातखंब्याहून आला. ट्रकांची रांग होती, पण वाट दिली म्हणाली. पालीहून फोन आला, तेव्हा विनोद बोलत होता. पाणी मागत होता, सिस्टर देत नव्हती. तिसरा फोन साखरप्याहून.

"बाबा, ह्यांचे डोळे मिटत नाहीत."

"म्हणजे?"

"मिटा बोलले, झोपा थोडं बोलले, तर बुबुळं वर जातात आणि डोळे तसेच उघडे. पांढरे दिसतात. आता आकडे मोजायला सांगितले तर तीन झाले." मागे डॉक्टरचा आवाज येत होता, कशावर तरी तो घाई करत होता. "बाबा, घाट लागतोय आता, मी..."

फोन तुटला. आंबा घाटात फोन लागत नाही, हे काशीरामला ठाऊक होतं. तरी त्याने चार वेळा लावून बघितला.

तेजल येऊन त्याच्या बाजूला पायरीवर बसली. कोट काढून तिने मांडीवर घेतला होता. कोटाशिवाय ती कॉलेजात जाणाऱ्या मुलीसारखी दिसत होती.

"काल मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"होय."

"का नाही सांगितलंत?"

"त्याला भ्या होतं, कोल्हापूरला नेलं की माणूस परत येत नाय." काशीरामने हातातला फोन उलटा करून पाहिला. "खरं सांगू? मलाही तेच भ्या होतं."

मग तो तिच्याकडे वळला.

"कालच सांगितलं असतं तर?"

समोर रस्त्यावरून मासेवाली कोणाशी तरी भांडत चालली होती. तिचं भांडण लांब जाईपर्यंत तेजल त्या बाजूला बघत राहिली.

"काका, पाणी आणू तुमच्यासाठी?"

काशीरामला उत्तर मिळालं.

"मीही लिहिलंच की," ती मग म्हणाली. "माझा हात मला सांगत होता काहीतरी. मला वाटलं, मीच बारीक आहे, म्हणून." तिने आपले दोन्ही तळवे पालथे केले, उलटे केले, आणि कोटाखाली लपवले.

तास गेला. दुसरा गेला. मोठे डॉक्टर दोनदा दारापर्यंत येऊन गेले. आयाने काशीरामला जेवायला बोलावलं, तो उठला नाही. फोन वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते.

"बाबा, पोचलो." नम्रताचा आवाज बसला होता. "घाट चढून वर आलो आणि ह्यांचा श्वास पुरेना झाला. सिस्टरने तो फुगा दाबत आणला इथपर्यंत, तिचे हात भरून आले तर डॉक्टरने दाबला. आता नळी घातली. यंत्र लावलंय. जिवंत हायत."

"हां," काशीराम म्हणाला.

"इथल्या डॉक्टरने पण हातानेच तपासलं बाबा, मॅडम करते तसंच. पायांना शून्य लिहिलंय. हातांना एक. औषध सुरू केलंय. बोलले, पुष्कळ जण उठतात, पण महिने लागतात. मी विचारलं, हे उठतील ना? तर बोलले, आज काय सांगता येत नाय."

काशीरामने फोन खाली घेतला. तेजल त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने तिला आकडे सांगितले.

"शून्याच्या खाली काय असतं?" त्याने विचारलं.

"काही नसतं काका. तिथे आकडे संपतात."

तो उठला. तेजलने रिक्षा बोलावली आणि ती त्याच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत आली. तिथे उन्हात उभं राहून तिने कोल्हापूरची गाडी कुठे लागते ते विचारलं, आणि खिडकीकडची जागा मिळेल का हेही. काशीरामने गाडीच्या दारातून आत पाहिलं. तो दार धरून उभाच राहिला आणि त्याने पुन्हा सुनेला फोन लावला.

"नम्रता, तू आत जाऊ शकतेस काय?"

"एकदा सोडलं होतं मगाशी. संध्याकाळी पुन्हा एक मिनिट सोडतील."

"त्याला विचार. बाबा येऊ का, विचार."

पलीकडे कसलं तरी यंत्र टिकटिक करत होतं, कोणाला तरी कोणी हाक मारत होतं.

"विचारलं मी बाबा," ती म्हणाली. "मगाशी गेले तेव्हाच विचारलं. त्यांना ऐकू येतं सगळं, डॉक्टर बोलले. पण डोळे मिटत नाहीत म्हणून वरून पट्ट्या लावल्यात. नळीने तोंड बंद. मी हात हातात धरून बसले होते. हो बोलतायत की नाय बोलतायत, ते कोणाला कळायचं नाय."

गाडी सुरू झाली होती. पत्रा थरथरत होता.

"चढताय काय काका?" कंडक्टरने आतून विचारलं. "की पोचवायला आलात कुणाला?"

काशीराम चढला.